जुन्या मारुती ८००ची बॅटरी सारखी उतरते. अल्टरनेटर बदलावा का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की १९९७ सालची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आपण रत्नागिरीत वापरता, चार महिन्यांपूर्वी नवी बॅटरी घातली, तरीही गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ उचलत नाही, रात्री हेडलाइट लावल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद पेटलेला दिसतो, आणि गॅरेजवाले अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारे आणि बॅटरी भरणारे यंत्र, बदलायला सांगतात. जुन्या गाड्यांच्या वायरिंगचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि आपण दिलेल्या माहितीवरून माझे मत असे आहे की अल्टरनेटर इतक्यात बदलू नये. या लक्षणांमागे अल्टरनेटर असू शकतो. पण पंचवीस वर्षांहून जुन्या आणि खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यामधले जोड खराब असण्याची शक्यता त्याहून अधिक असते, आणि ते तपासायला काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

सुरुवात बॅटरीपासूनच करावी लागते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, सेल्फ मारण्यापूर्वी, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. गाडी नुकतीच चालवून आणल्यावर घेतलेले माप फसवे असते, कारण प्लेटांवर वरवरचा चार्ज राहिलेला असतो. बॅटरीला पाणी घालायची झाकणे असतील तर हायड्रोमीटरने, म्हणजे आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही सेल पाहा. पाच सेल सारखे आणि एकच बराच खाली असेल तर ती बॅटरी नवी असूनही गेलेली आहे आणि वॉरंटीत बदलून मागावी. सेल ठीक असतील तर बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या आणि मगच पुढची तपासणी करा. ही पायरी गाळली जाते आणि तिथेच निदान चुकते: रिकामी बॅटरी अल्टरनेटरचा बहुतेक प्रवाह ओढून घेते, त्यामुळे व्होल्टेज वर येत नाही आणि चांगल्या अल्टरनेटरवर ठपका येतो.

आता इंजिन चालू करून, वेग आयडलपेक्षा थोडा वाढवून, पुन्हा बॅटरीच्या टोकांवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला आणि हेडलाइट व पंखा लावल्यावरही तो १३.५ च्या खाली उतरला नाही, तर चार्जिंग व्यवस्थित आहे आणि बॅटरी उभ्या गाडीत कोठेतरी झिरपते आहे. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर, म्हणजे आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन ज्याला कटआउट म्हणतात तो, बिघडलेला आहे, आणि बॅटरीतले पाणी उकळून आटत असणार. १३ च्या आसपासच रेंगाळला तर पुढे वाचा.

त्याआधी एक विनंती. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडते का’ हे पाहण्याची परीक्षा कोणालाही करू देऊ नका. ही सवय अल्टरनेटरच्या आधीच्या डायनामोच्या काळातल्या फियाट आणि अॅम्बेसेडर गाड्यांवरून आलेली आहे. अल्टरनेटरमध्ये डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतात. भरात चार्ज होत असताना बॅटरी एकाएकी सुटली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळते आणि हे भाग जळू शकतात. अल्टरनेटर धडधाकट असेल तर या परीक्षेनेच तो नादुरुस्त होतो आणि मग सांगितलेले निदान आपोआप खरे ठरते!

आता मुख्य तपासणी. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर असल्यास तोही चालू ठेवा, इंजिनाचा वेग थोडा वाढवा, आणि मीटरची एक तार अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या धन टोकाच्या शिशावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर मधल्या खुंटावरच टेकवा. हे माप ०.२ किंवा फार तर ०.३ व्होल्ट असावे. मग एक तार अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण खुंटावर, इथे ०.२ च्या आत यायला हवे. समजा पहिल्या मापात १.१ व्होल्ट आले. याचा अर्थ अल्टरनेटर १४ व्होल्ट देतो आहे आणि बॅटरीपर्यंत १२.९ पोहोचत आहेत. २० अँपिअर प्रवाह वाहत असेल तर त्या एका जोडात २२ वॉट उष्णता होऊन वाया जाते. असा जोड चालत्या गाडीत हाताला गरम लागतो. वायर मधून काढून ओहमवर मोजली तर मात्र दोष दिसत नाही, कारण हा रोध ओहमच्या विसाव्या भागाइतका असतो आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोधच त्याहून जास्त भरतो. प्रवाह वाहत असतानाच व्होल्टेज मोजण्याचे कारण हे आहे.

फरक कोठे पडतो हे शोधण्यासाठी मीटरची एक तार जागीच ठेवून दुसरी एकेका जोडावरून पुढे सरकवत जा. आकडा जिथे एकदम बदलतो तिथे दोष आहे. धन बाजूला बॅटरीचा क्लॅम्प आणि तिच्याजवळची मेन फ्यूज लिंक या नेहमीच्या जागा आहेत. कोकणातल्या गाड्यांत मला ऋण बाजू अधिक संशयास्पद वाटते. बॅटरीपासून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची केबल बाहेरून ठीक दिसते, पण लगच्या, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या, तोंडाशी रबर मागे सारून पाहिले तर आतल्या तांब्याच्या तारा काळ्या पडून भुग्यासारख्या झालेल्या सापडतात आणि बोल्टखालचा पत्रा गंजलेला असतो. अशी केबल घासून उपयोग नाही. नवी घाला, पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडा, बोल्ट घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. काम करताना बॅटरीचे ऋण टर्मिनल आधी काढा आणि शेवटी जोडा, नाहीतर धन बाजूचा पाना बॉडीला लागून ठिणगी उडेल.

आपल्या मंद दिव्याचेही हेच स्पष्टीकरण असू शकते. तो दिवा एका बाजूने किल्लीतून येणाऱ्या पुरवठ्याला आणि दुसऱ्या बाजूने अल्टरनेटरला जोडलेला असतो. दोन्हीकडचे व्होल्टेज सारखे झाले की तो विझतो. हेडलाइट लावल्यावर किल्लीच्या बाजूचे व्होल्टेज एखाद-दोन व्होल्टने पडले तर तो मंद पेटतो, आणि अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेला तरीही तसेच होते. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी मीटर एसीवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर डायोडवर संशय घ्यावा. मीटर स्वस्तातला असेल तर तारा उलटसुलट करून पाहा, कारण काही मीटर एसीवरही डीसी मोजून भलताच आकडा दाखवतात. किल्ली लावल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, दिवा अजिबात पेटत नसेल तर बल्ब आधी बदला. बहुतेक जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीला चुंबकत्व निर्माण करणारा प्रवाह त्या बल्बमधूनच मिळतो.

अल्टरनेटर फिरवणारा बेल्टही पाहा. तो चकाकी आलेला किंवा ढिला असेल तर सकाळी चिरकतो. तो दहा मिनिटांचा मामला आहे.

उभ्या गाडीत बॅटरी उतरते का हे पाहायला ऋण टर्मिनल काढून मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मध्ये जोडा. दारे बंद आणि किल्ली बाहेर हवी, आणि मीटर जोडलेला असताना सेल्फ मुळीच मारू नका. आपल्या गाडीत घड्याळ आणि रेडिओ एवढेच जागे असल्याने ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह नसावा. अधिक असेल तर एकेक फ्यूज काढून पाहा. नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा सेंट्रल लॉक बहुधा सापडतो. सगळे फ्यूज काढूनही प्रवाह तसाच राहिला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून टोक गुंडाळून ठेवा. तेव्हा तो थांबला तर डायोड उलटा गळतो आहे, आणि इथे मात्र आपल्या गॅरेजवाल्यांचे म्हणणे बरोबर ठरते. तेव्हाही अख्खा अल्टरनेटर घेण्याआधी तो उघडवून पाहा. कार्बन ब्रश, डायोड प्लेट, बेअरिंग आणि कटआउट वेगवेगळे मिळतात, आणि जुन्या मूळ अल्टरनेटरची कॉइल शाबूत असेल तर स्वस्तातल्या नकली नव्यापेक्षा तो दुरुस्त करून घेणे मी पसंत करीन.