एकच गोष्ट अनेक माध्यमांतून सांगताना प्रेक्षक कसा टिकवावा?

तुमचा प्रश्न असा आहे की, एकच गोष्ट व्हिडिओ, पॉडकास्ट आणि इन्स्टाग्राम अशी तिन्हीकडे सांगताना प्रेक्षक कसा टिकवावा. माझे स्पष्ट मत आहे की, तीच गोष्ट तिन्हीकडे सांगूच नये. अमेरिकी माध्यम-अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी २००६ सालच्या आपल्या पुस्तकात ट्रान्समीडियाविषयी, म्हणजे एकच कथा अनेक माध्यमांत विभागून सांगण्याविषयी, लिहिताना प्रत्येक माध्यमाने कथेत स्वतःची वेगळी भर घालण्यावर भर दिला आहे, आणि नेमक्या याच मुद्द्यावर माझा एकदा मोठा वाद झाला होता.

लालबागमधील एका खानावळवाल्या मावशींवर आम्ही मालिका करत होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू होऊन सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्या वर्षाची हिशेबाची वही त्यांनी जपून ठेवली होती. नावापुढची फुली म्हणजे खाडा, एवढे मला ठाऊक होते. पण मार्चपासून फुल्यांच्या जागी लहान गोल दिसू लागत आणि जूनचे पान तर गोलांनीच भरलेले होते. भाकरी थापता थापता मावशी म्हणाल्या, "गोल म्हणजे गावी गेला. आला की खातं पुढं चालू." किती जण परत आले, असे मी विचारताच थापण्याचा आवाज थांबला. ती शांतता आमच्या ध्वनिमुद्रणात आहे.

वहीचे पान कोणत्याही खुलाशाविना इन्स्टाग्रामवर द्यावे, गोलांचा अर्थ पॉडकास्टमध्ये मावशींच्या तोंडून यावा आणि व्हिडिओत केवळ ती खोली व गल्ली दिसावी, असे माझे म्हणणे होते. "लोकांना शोधत बसायला वेळ नसतो," असे सांगून आमच्या प्रमुखांनी तीन मिनिटांचा एकच व्हिडिओ सगळीकडे टाकला आणि त्याचाच आवाज काढून पॉडकास्ट केला. त्यात मावशी "हा बघ, हा गोल" म्हणतात. नुसते ऐकणाऱ्याने काय बघायचे?

दोन वर्षांनी मावशींच्या परवानगीने मी ते काम माझ्या पद्धतीने पुन्हा केले. वहीचे पान टाकले त्याच संध्याकाळी "हे गोल कसले?" हा प्रश्न प्रतिक्रियांत पुन्हा पुन्हा आला आणि विचारणाऱ्यांपैकी बरेच जण पॉडकास्ट ऐकून परत लिहायला आले. लोकांना वेळ असतो; त्यांना शोधण्याजोगे काही द्यावे लागते.

अर्थात, अनेकजण एकच भाग पाहतील, म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे कळला पाहिजे. तुम्ही एकटे असाल, तर दोन माध्यमे पुरेत. आणि असा जुना कागद दाखवणार असाल, तर त्यावरील नावे झाका. त्या वहीत माणसांची उधारी लिहिलेली होती, म्हणून आम्ही आडनावे आणि रकमा झाकून केवळ खुणा उघड्या ठेवल्या.