शांत माणूस गटनेता कसा होतो?

प्रश्न: सभागृहात तडाखेबंद बोलणारे बाजूलाच राहतात आणि कुणी शांत माणूस एकदम पक्षाचा गटनेता होतो, हे कसं काय?

उत्तर: अहो, एकदम नाही होत तो! बऱ्याचदा आधी प्रतोद म्हणजे व्हिप असतो, कोण गैरहजर, कोण नाराज, कुणाला कुठली कमिटी हवीय हे सगळं त्याच्या डोक्यात, रात्री फोन करकरून मतं मोजतो, लोकांची छोटी-मोठी कामं करून ठेवतो, मग निवडीच्या वेळी तेच लोक त्याच्यासाठी हात वर करतात. अमेरिकेत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन १९४९ला सिनेटमध्ये आले, १९५१ला व्हिप, १९५३ला थेट तिथले पक्षनेते, चारच वर्षांत! ब्रिटनमध्ये पुढे पक्षनेते आणि पंतप्रधान झालेले एडवर्ड हीथही आधी चीफ व्हिपच. अर्थात हायकमांडने वरून नाव पाठवलं तर ही सगळी मोजणी गेली उडत.