सांगलीत परसात लवकरचा कोबी घ्यायचाय. बी कोणतं घेऊ, आणि दिवाळीच्या सुमारास गड्डा मिळेल का?

बी गोल्डन एकरचं घ्या. जुनी, भरवशाची जात आहे. लावणीनंतर 60 ते 65 दिवसांत किलो-सव्वा किलोचा गड्डा देते. 15 ऑगस्टच्या आसपास बी टाकलं तर नोव्हेंबरच्या मध्याला गड्डा हाती येतो. दिवाळी ऑक्टोबरातच असेल तर त्या वर्षी हट्ट धरू नका.

पण खरं सांगू का, गड्डा लवकर येणं बियाण्यापेक्षा रोपावर जास्त ठरतं. आपल्याकडे जाणती माणसंही सांगतात, "मोठं रोप लाव, गड्डा लवकर धरतो." हे साफ चूक आहे आणि याच्याशी मी वर्षानुवर्षं भांडत आलोय. रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये दीड महिना अडकलेल्या रोपाची मुळं कप्प्यात गोल फिरून गुंतलेली असतात, खोड जांभळट आणि निबर झालेलं असतं. लावल्यावर ते दहा-बारा दिवस नुसतं उभं राहतं आणि शेवटी मुठीएवढा गड्डा धरतं. रोप हवं 25 ते 28 दिवसांचं, चार-पाच पानांचं, बुटकं. मधला शेंडा शाबूत आहे का ते प्रत्येक रोपात बघा. शेंडा गेलेल्या रोपाला पानं येतील, गड्डा येणार नाही.

त्यापेक्षा रोप घरीच करा. वीस झाडांसाठी तीस बिया पुरेत. वाफा 15 सेंटीमीटर उंच, माती भुसभुशीत, बी एक सेंटीमीटर खोल, दोन ओळींत 10 सेंटीमीटर. पावसाचा मार थेट पडू नये म्हणून वर आडोसा हवा, पण अंधार नको. अंधारात रोप लांबुडकं होतं, आणि सततच्या ओलीत बुडाशी कुजून आडवं पडतं. पाणी सकाळीच द्या. लावणीआधी चार-पाच दिवस पाणी कमी करा आणि आडोसा काढा.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत सपाट वाफ्यात कोबी लावूच नका, मुळं गुदमरतात. सरी-वरंबा करा. चौरस मीटरला दोन किलो कुजलेलं शेणखत घाला. अंतर 45 बाय 30 सेंटीमीटर. लावणी संध्याकाळी, पहिल्या पानांच्या देठापर्यंत खोल, पण शेंड्यावर माती येऊ न देता. मग माती घट्ट दाबा. पान हलकेच ओढलं की पान फाटावं, रोप उपटून येता कामा नये. बुडाशी उसाचं पाचट पसरा.

युरिया लावणीनंतर 15 आणि 30 दिवसांनी, झाडाला दर वेळी अर्धा चहाचा चमचा, खोडापासून चार बोटं लांब. गड्डा धरू लागल्यावर अजिबात नाही. उशिराच्या नत्राने गड्डा पोकळ राहतो आणि फुटतो. जमीन सुकू देऊन एकदम भरपूर पाणी पाजलं तरी तो फुटतोच. तयार गड्डे लगेच काढायचे नसतील तर झाड धरून पाव फेरा फिरवा. थोडी मुळं तुटतात आणि गड्डा तडकायचा थांबतो.

अळीसाठी कडेला मोहरीची ओळ, लावणीच्या पंधरा दिवस आधी पेरलेली. चौकोनी ठिपक्यांचा पतंग आधी मोहरीवर अंडी घालतो. शिवाय 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, थोडं साबणाचं पाणी घाला आणि पानांच्या खालून फवारा. साबण टाळू नका, कोबीच्या मेणचट पानावर नुसतं पाणी ठरत नाही.

एक राहिलंच. हे वेळापत्रक सांगली, मिरज, तासगाव, कराडपर्यंत ठीक आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे ऑगस्टच्या पावसात रोप टिकवणं अवघड, तिकडे बी सप्टेंबरच्या शेवटी टाका. आणि ऑक्टोबरचं ऊन लांबलं तर लवकरचा गड्डा थंडीतल्याइतका घट्ट भरत नाही. भाजीला चांगला लागतो, पण काढल्यावर फार दिवस ठेवू नका.