पावसाळा संपल्यावर वॉशिंग सेंटरवर गाडीचं इंजिन धुवून घ्यावं का? वर्षातून किती वेळा?

धुवावं, पण सेंटरवर प्रेशर मारून नव्हे, आपल्या हातानं. आणि 'इंजिनला पाणी लावायचंच नसतं' हे मला अजिबात मान्य नाही. आमच्या घरात यावरून सहा वर्षं वाद चाललाय.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पूजेसाठी म्हणून पेट्रोल गाडी एका सेंटरवर दिली होती. पोरानं बॉनेट उघडलं, डिझेल फवारलं आणि तापलेल्या इंजिनवर थेट गन धरली. मी थांब म्हणेपर्यंत झालंसुद्धा. इंजिन नव्यासारखं दिसत होतं. सकाळी पूजा झाली, झेंडूचा हार घातला, सगळ्यांना घेऊन कोल्हापूरहून जोतिबाला निघालो आणि केर्लीच्या पुढं चढाला गाडी मिसिंग मारायला, म्हणजे झटके देत अडखळायला लागली. इंजिनचा दिवा लुकलुकतोय, मागं आई घाबरलेली, आणि शेजारी दादा, "तुला कितीदा सांगितलंय, पाणी लावायचं नसतं!"

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) उपसल्या. तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात बोटभर पाणी. हवा मारून वाळवलं, गाडी लागली. म्हणजे चूक पाण्याची नव्हती, प्रेशरची होती. कॉइलचं रबर शिंतोडे अडवतं, गन नाही अडवत.

पुढच्या महिन्यात मी स्वतः धुतलं. इंजिन हात ठेवता येईल इतकं कोमट, बॅटरीची मायनस काढलेली, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड पिशव्यांनी बांधलेलं. डिग्रीझर (तेलकट मळ काढणारं द्रावण) मारून पेंटिंगच्या ब्रशनं घासायचं आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. पुढच्या काचेखालची जाळी आधी साफ करा, उसाचा पाला आणि कारखान्याची काजळी तिथंच साठते. तिथली पाणी जायची भोकं तुंबली की पावसाचं पाणी केबिनमध्ये उतरतं. शेवटी बॉनेट उघडं टाकून गाडी उन्हात वाळवा, मगच चावी फिरवा.

आठ दिवसांनी बॉनेट उघडलं तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कडेपासून खाली तेलाची एक ताजी, करंगळीएवढी रेघ. पॅकिंग गेलं होतं. काळ्या थराखाली ती रेघ मला जन्मात दिसली नसती. दादानं आजवर इंजिनला फडकं लावलेलं नाही. त्याच्या गाडीचं तेल गळतंय हे त्याला पार्किंगच्या फरशीवर डाग पडल्यावर कळलं, तोवर ऑइल डिपस्टिकच्या (तेल मोजायच्या पट्टीच्या) खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं. तरी म्हणतो, "माझी कधी बंद पडली का?"

डिझेल आणि रॉकेल मात्र नकोच. रबरी पाइप फुगतात, त्यावर धूळ आणखी चिकटते आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडलं तर पेट घेऊ शकतं. चमकवायचा स्प्रे बेल्टला लागू देऊ नका, बेल्ट घसरतो. मी वर्षातून एकदाच धुतो, दसऱ्याच्या आधी.

हे राहिलंच सांगायचं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल आणि आत नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) वायरी दिसत असतील तर यातलं काहीही घरी करू नका. आणि २०१९ किंवा २०२१ सारखं पुराचं पाणी बॉनेटपर्यंत चढलेलं असेल तर तो विषय धुण्याचा नाही. चावीसुद्धा न फिरवता गाडी टो करून मिस्त्रीकडं न्या.