ज्याचं कुणी नाही, त्याची जागा

"आईला नर्सिंग होममध्ये ठेवलं तर मी कसली मुलगी?" टोरांटोजवळच्या मार्कममध्ये माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या चिनी कुटुंबांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की हल्ली वाक्य सुरू होण्याआधीच कळतो. नर्सिंग होम म्हणजे इथे दवाखाना नव्हे, म्हाताऱ्यांनी कायमचं राहायची, देखभाल मिळणारी जागा. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

आजी 84 वर्षांच्या, हेनान प्रांतातल्या खेड्यातल्या. लेक साठीची, नात तिशीला टेकलेली. आजी दोनदा पडल्या होत्या. रात्री तीन-तीनदा उठून त्यांना बाथरूमला नेताना लेकीची पाठ धरली होती, तरी 'नर्सिंग होम' हा शब्द काही तिच्या तोंडून निघेना. तो नातच काढायची. ती एकुलती एक. चीनमध्ये 1980 पासून 2015 पर्यंत एकाच मुलाचं धोरण होतं, त्या काळातलं अपत्य. चार आजी-आजोबा, दोन आईवडील आणि खाली एकटी ती. तिकडे याला 'चार-दोन-एक' म्हणतात.

पहिल्या तीन बैठका नुसत्या भांडणात गेल्या. आजींचं बोलणं नात मला सांगायची, आणि अर्थातच तिला सोयीचं तेवढंच सांगायची. चूक माझीच. चौथ्या वेळी बाहेरची दुभाषी बोलावली.

कोण बरोबर, या वादात मी पडत नाही. तो शब्द ऐकला की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर काय येतं, एवढंच विचारते. आजी संत्रं सोलत होत्या.

"आजी, तुमच्या गावात अशा जागी कोण राहायचं?"

सालाची लांब पट्टी अर्ध्यावर थांबली. "कोठाराच्या मागे दोन खोल्या होत्या. ज्याला मूल नाही, तो तिथे."

1956 पासून चीनच्या खेड्यांत निराधार, निपुत्रिक म्हाताऱ्यांच्या अन्न-वस्त्रापासून अंत्यविधीपर्यंतची सोय गावाने करायची, अशी 'पाच हमीं'ची व्यवस्था होती. आजींच्या मनातलं नर्सिंग होम ते होतं. लेकीकडे न बघता त्या म्हणाल्या, "मला तर मूल आहे."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग लेक एकदम म्हणाली, "मी मात्र म्हातारी झाले की आपणहून जाणार. हिच्यावर भार नको."

"पोटची पोर असताना?" आजी कडाडल्या.

आणि इतके दिवस नर्सिंग होमची बाजू लढवणारी नात रडायला लागली. "मला विचारलंस तरी का?"

वीस वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच. त्या दिवशी मी फारसं काही केलं नाही, फक्त गप्प बसले, आणि ते बरोबर जमलं असं अजूनही वाटतं. आजींना नर्सिंग होमची भीती नव्हती. भीती होती ती निपुत्रिकांत गणलं जाण्याची.

म्हणून अशा घरांना माझं सांगणं: "जाशील का?" असं विचारूच नका, त्याचं उत्तर "नाही" हेच येतं. तिथे कोण राहतं असं वाटतं, ते विचारा. "तुला कधीच ठेवणार नाही" हे वचन तर मुळीच देऊ नका. ते मोडताना तुम्हीही मोडता. हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळायच्या दिवशी घाईने ठरवू नका. चिनी बोलणारे कर्मचारी आणि भाताची पेज मिळेल अशा जागांची प्रतीक्षा यादी लांबलचक असते, तेव्हा नाव आधीच घाला. घातलं म्हणजे पाठवलं असं होत नाही. आणि दर आठवड्याला कोण, कोणत्या वारी येणार, ते म्हाताऱ्या माणसासमोर ठरवा. वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटावं, असं चीनने 2013 पासून कायद्यातच घातलंय. आजींना कायद्याशी देणंघेणं नव्हतं, पण त्यांची अट तीच निघाली. फक्त वेळ त्यांनी ठरवली: "दुपारी बाराला ये. तेव्हा सगळे जेवायला बसलेले असतात."

आता लेक रविवारी बाराच्या ठोक्याला मोठा डबा घेऊन जाते. डंपलिंग आठ जणांना पुरतील इतके. आजी स्वतः दोनच खातात, बाकीचे टेबलावर फिरवतात, आणि प्रत्येकाला सांगतात कुणी केलेत ते.