वाचकांचे प्रश्न : बीएसएफचा पैसा येतो कुठून?

प्रश्न : ताई, भाचा बीएसएफमध्ये (सीमा सुरक्षा दलात) आहे, जैसलमेरला. बजेटात डिफेन्सला एवढे लाखो कोटी दिले असं टीव्हीवर सांगतात, मग त्यातले ह्यांच्या वाट्याला किती येतात हो? आणि त्याला मिलिटरीसारखी पेन्शन का नाही? (एक मामा, रत्नागिरी)

उत्तर : मामा, त्यातले शून्य! बहुतेकांचा इथेच घोळ होतो, कारण वर्दी आणि रायफल बघून आपण सगळ्यांना आर्मीच समजतो. बीएसएफ गृह खात्याकडे, म्हणजे त्यांचा पैसा गृह मंत्रालयाच्या बजेटातून येतो. २०२५-२६ ला डिफेन्सला ६.८१ लाख कोटी होते, बीएसएफला वेगळे साधारण २८ हजार कोटी, आणि त्यातला मोठा भाग पगारातच जातो, तेवढी माणसं आहेत ना. चीनच्या सीमेवरची आयटीबीपी, नेपाळ-भूतान सीमेवरची एसएसबी ही दलं पण गृहकडेच. आसाम रायफल्सचं तर अजबच, पगार गृह खातं देतं आणि हुकूम आर्मीचा चालतो, दोन सासवांची सून म्हणा ना!

तुमच्या समोरच्या समुद्रात कोस्ट गार्डची बोट दिसते ती मात्र डिफेन्सची, आणि किनाऱ्यालगतची सागरी पोलिसांची ती राज्याची. त्यातल्या बऱ्याच बोटी केंद्राने स्कीममधून दिल्या, पण माणसं राज्याची.

पेन्शनचं म्हणाल तर १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नवीन भरतीला एनपीएस, म्हणजे पगारातून कपात होऊन पैसे साठणारी पेन्शन योजना लागली, आर्मी-नेव्ही-एअरफोर्सला सूट मिळाली, बीएसएफला नाही. वाळवंटात उभं राहून राखण तीच, मला तरी हे पटत नाही. भाच्याला पे-स्लिप बघायला सांगा, एनपीएसची कपात दिसेल.