हेडलाइट मंद होतात म्हणून म्युझिक सिस्टीमसाठी १६ व्होल्टची बॅटरी बसवावी का?

आपण लिहिले आहे की सबवूफरच्या (खर्जाच्या आवाजाच्या स्पीकरच्या) प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात आणि त्यावर दुकानदाराने १६ व्होल्टची बॅटरी सुचवली आहे. गाडीचा मूळ अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी भरणारा जनित्र, तसाच ठेवणार असाल, तर ती बसवू नका. मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामात आहे आणि नेमक्या याच सल्ल्यावरून माझा आतेभावाशी झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आतेभावाने आपल्या डिझेल एसयूव्हीत सबवूफरसाठी १५०० वॉटचा मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा) ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, घातला होता. दिवे मंद होऊ लागल्यावर त्याने एका दुकानातून आठ सेलची, म्हणजे १६ व्होल्टची, एजीएम बॅटरी (सीलबंद लेड-ॲसिड प्रकारची) बसवून घेतली. मी विरोध केला, तेव्हा ‘व्होल्ट वाढले की आवाज वाढणारच’ एवढे एकच वाक्य त्याने मला ऐकवले. त्यात तथ्य आहे, हे मी तेव्हाही मान्य केले होते. असे बहुतेक ॲम्प अनरेग्युलेटेड असतात, म्हणजे त्यांच्या आतला पुरवठा बॅटरीच्या व्होल्टेजबरोबर वरखाली होतो आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२.५ ऐवजी १६.५ व्होल्ट मिळाले, तर शक्ती सुमारे ७४ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ अडीच डेसिबलने वाढते. पहिले काही दिवस त्याला तो फरक ऐकू आला, हे खरेच आहे.

पण ते व्होल्ट येत कुठून होते, हा माझा प्रश्न होता. पूर्ण भरलेला लेड-ॲसिड सेल भार नसताना साधारण २.१ व्होल्ट दाखवतो, म्हणून आठ सेलची बॅटरी १६.८ व्होल्टवर असते; त्याच्या गाडीचा रेग्युलेटर, म्हणजे अल्टरनेटरचे व्होल्टेज ठरवणारा भाग, मात्र १४.२ व्होल्टला बांधलेला होता. समोर त्याहून जास्त व्होल्टेज दिसत असल्याने अल्टरनेटर करंट देतच नाही, गाडीचा आणि ॲम्पचा सगळा भार बॅटरीवर पडतो आणि ती १४.२ पर्यंत उतरते, तेव्हा कुठे अल्टरनेटर हात लावतो. १४.२ ला आठाने भागा: सेलमागे १.७८ व्होल्ट येतात, म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी असते आणि तशीच राहते, कारण ती भरायला १९ व्होल्टच्या आसपास पुरवठा हवा असतो. प्लेटांवर सल्फेट बसते आणि बॅटरी कायमची निकामी होते. सुरुवातीचा तो आवाज दुकानातून भरून आलेल्या चार्जचा होता. चार्ज संपला आणि आवाजही गेला.

त्यावर दुकानदाराने रेग्युलेटरच्या सेन्स वायरमध्ये (जिच्यातून तो व्होल्टेज मोजतो) डायोडची माळ घालून, म्हणजे त्याला व्होल्टेज कमी असल्याचे भासवून, अल्टरनेटर १८ व्होल्टच्या वर नेला. हेडलाइटचे दोन्ही बल्ब गेले आणि ॲम्प ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्शनमध्ये जाऊ लागला. बारा व्होल्टच्या गाडीतले भाग साधारणपणे १६ व्होल्टपर्यंत रोज चालतील, असे धरून बनवलेले असतात. त्यापुढे ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) रोज पळवणे हा बेजबाबदारपणा आहे, आणि मी तो शब्द तेव्हाही वापरला होता.

शेवटी गाडी माझ्याकडे आली. जुनी १२ व्होल्टची बॅटरी परत बसवून मी गाणे चालू असताना मल्टिमीटर लावला, तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलवर १२.९ आणि ॲम्पच्या टर्मिनलवर ११.६ व्होल्ट होते. मधले १.३ व्होल्ट कॉपरचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलमध्ये आणि रंग न खरवडता पत्र्यावर आवळलेल्या अर्थिंगमध्ये जळत होते. शुद्ध तांब्याची जाड केबल टाकली. अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तिन्ही वायरी बदलल्या. मागे दुसरी १२ व्होल्टची एजीएम बॅटरी आणि पुढे मोठा अल्टरनेटर बसवला. आता ॲम्पला १३.६ व्होल्ट मिळतात. ११.६ च्या तुलनेत ही शक्ती ३७ टक्के जास्त आहे आणि ती दिवसभर टिकते. आतेभाऊ अजूनही पहिल्या आठवड्याच्या आवाजाच्या आठवणी काढतो. मी त्याला मीटरचे आकडे दाखवतो.

तेव्हा आधी हीच दोन ठिकाणे मोजा. ॲम्पच्या आणि बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल, तर दोष वायरिंगचा आहे. बॅटरीवरच व्होल्टेज कोसळत असेल, तर अल्टरनेटर कमी पडतो आहे: १५०० वॉटचा ॲम्प पूर्ण जोरात १३० अँपिअरच्या पुढे ओढतो आणि लहान गाड्यांचे अल्टरनेटर बहुधा १०० च्या आतले असतात.

स्पर्धेच्या गाड्यांत १६ व्होल्ट योग्य ठरतात, हेही सांगायला हवे. पण तिथे बाहेरून सेट करता येणारा रेग्युलेटर असतो, १८ व्होल्ट सोसणारे ॲम्प असतात आणि गाडीचे मूळ वायरिंग वेगळे ठेवून त्याला कन्व्हर्टरमधून कमी व्होल्टेज दिलेले असते. पैसे खर्चच करायचे असतील, तर सहा सेलचा लिथियम टायटनेट संच पाहा, १४.४ व्होल्टवर त्याच्या सेलला २.४ व्होल्ट मिळतात, म्हणजे मूळ रेग्युलेटरशी तो जुळतो. गाडीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असेल, तर ॲम्पची अर्थ वायर थेट त्या टर्मिनलवर न जोडता बॉडीवर जोडा. आणि पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला विचारा, की ही १६ व्होल्टची बॅटरी चार्ज कशाने होणार आणि किती व्होल्टवर; आकडा सांगता आला नाही, तर काम दुसरीकडे द्या.